लोणारला जेड का नाही?

लोणारच्या परिसरात सापडलेला एखादा हिरवट दगड पुढे करून "हे जेड आहे का?" असे मला अनेकदा विचारले जाते. बहुधा तो सेलाडोनाइटचा थर असतो. बेसाल्टच्या पोकळ्यांत मुरलेल्या पाण्याने मागे ठेवलेले हे खनिज मऊ, मातकट असते. जेड मात्र कमालीचे चिवट. तरीही हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही.

जेड या नावाने दोन वेगळे दगड ओळखले जातात, नेफ्राइट आणि जेडाइट. त्यांपैकी जेडाइटचे घटक साधेच आहेत : सोडियम, अॅल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन. हेच घटक अल्बाइट या सामान्य फेल्डस्पारमध्येही असतात. अल्बाइट पुरेसे दाबले गेले, की त्यातून जेडाइट आणि क्वार्ट्झ तयार होतात. अल्बाइटची घनता सुमारे २.६, तर जेडाइटची ३.३.

अडचण अशी, की जमिनीखाली दाबाबरोबर उष्णताही वाढते, आणि जेडाइटला हवा मोठा दाब पण बेताची उष्णता. हा योग जुळतो तो महासागराचा थंड तळ दुसऱ्या भूपट्टाखाली सरकतो तिथे. तो तापण्याआधीच खोल पोहोचतो. त्यातून पिळून निघालेले पाणी विरघळलेले घटक घेऊन वरच्या खडकांच्या भेगांत शिरते आणि तिथे जेडाइटचे स्फटिक सावकाश वाढतात. मग हा खडक फार न तापता वरही यावा लागतो. म्यानमारमधल्या फाकांतचे प्रसिद्ध जेड असेच घडले. ते दुर्मीळ का, याचे उत्तरही यातच आहे.

आता लोणारकडे वळू. हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर उल्काघाताचेच आहे, हे १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. आपल्या काळ्या पाषाणातल्या फेल्डस्पारमध्ये सोडियम आणि अॅल्युमिनियम आहेतच. आघाताचा दाब काही ठिकाणी वातावरणाच्या दाबाच्या दोन लाख पटींहून अधिक होता. जेडाइटला साधारण दहा हजार पट पुरतो. म्हणजे जिन्नस होते आणि दाबही होता. नव्हता तो वेळ. दाबाची लाट क्षणार्धात निघून गेली. फेल्डस्पारची आतली रचना मोडली आणि त्याची मस्केलिनाइट नावाची काच झाली. दागिना घडवण्याजोगा स्फटिक वाढायला अवधीच मिळाला नाही.

काही उल्कापाषाणांत, उदाहरणार्थ २०१३ साली रशियात पडलेल्या चेल्याबिन्स्कच्या तुकड्यांत, आघाताने झालेले जेडाइट सापडले आहे. पण ते सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते.

लोणारने दिले ते वेगळेच. २०१७ मध्ये येथील आघातग्रस्त बेसाल्टच्या गारगोटीभरल्या पोकळ्यांत कोएसाइट आढळल्याचे प्रसिद्ध झाले. त्याचे गोलसर पुंजके जेमतेम ०.०३ मिलिमीटरचे. हेच खनिज लडाखमध्ये त्सो मोरीरीच्या खडकांतही आहे. तिथे ते भारताची कड आशियाखाली सुमारे ९० किलोमीटर किंवा त्याहून खोल गेल्यामुळे घडले, आणि त्याला लाखो वर्षे लागली. इथे तेच एका क्षणात झाले.

म्हणून लोणारचा दगड मोलाचा, जेड नसला तरी. विवराबाहेर फेकला गेलेला हा राडारोडा आज शेतांखाली आणि घरांखाली आहे. बांधावरून उचलून नेलेला तुकडा घरी शोभेचा होतो, पण तो कुठल्या थरातला, विवरापासून किती अंतरावरचा, ही माहिती तिथेच संपते. अभ्यासकाला दगडाइतकीच त्याची जागा लागते. तेव्हा हिरवा असो की काळा, तो पाहावा, त्याचे छायाचित्र घ्यावे आणि जिथल्या तिथे राहू द्यावा.