गाठाळ लाकडाचे धनुष्य

क्रेसी (१३४६) आणि ॲजिंकोर्ट (१४१५) या लढायांची वर्णने आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत असताना वाचली असतील. फ्रेंचांचे चिलखती सरदार इंग्रजांच्या बाणांपुढे कसे ढासळले, हे त्यांत मोठ्या चवीने सांगितलेले असते. ज्या धनुष्यांनी ही किमया केली ती कशी घडवीत, याविषयी मात्र ती पुस्तके बहुधा मुकी असतात. आज आम्ही बोलणार आहोत ते त्या घडणीतल्या एका पेचाविषयी. तो पेच लाकडातल्या गाठीचा. सरळ, निर्दोष लाकडाचे धनुष्य कोणीही चांगला कारागीर करील. गाठाळ लाकडाचे धनुष्य करावे आणि ते मोडू नये, यात खरी परीक्षा आहे.

हे लाकूड यू नावाच्या वृक्षाचे. सदाहरित आणि अतिशय सावकाश वाढणारे हे झाड. इंग्लंडातील जुन्या चर्चच्या आवारांत शेकडो वर्षांचे यू आजही उभे आहेत. त्याचा एक भाऊबंद आपल्या हिमालयात वाढतो. तिकडे त्याला थुनेर म्हणतात. यूची पाने, साल, बी ही सर्व विषारी. बीभोवतीचा लाल गर तेवढा निरुपद्रवी. म्हणूनच हे लाकूड तासताना नाकातोंडाला फडके बांधलेले बरे.

धनुष्य वाकते तेव्हा लाकडाच्या अंगात काय घडते, हे समजल्याखेरीज गाठीचे मर्म कळणार नाही. खांद्यावरची कावड डोळ्यांपुढे आणा. दोन्ही टोकांना घागरी लटकल्या की बांबू वाकतो. त्याची वरची बाजू ताणली जाते, खालची दाबली जाते. धनुष्याचेही तेच. धनुर्धाऱ्यापासून लांबची बाजू ताणली जाते, तिला आपण पाठ म्हणू; त्याच्याकडची बाजू दाबली जाते, ते पोट. यूच्या खोडात या दोन कामांसाठी दोन वेगळी लाकडे एकमेकांना चिकटून जन्मतात. सालीखालचे फिकट लाकूड ताण सोसते. आतला तांबूस गाभा दाब सोसतो आणि सुटताच उसळून येतो. खोडाची फाक अशी निवडायची की पाठीला फिकट लाकडाचा पातळ थर राहील, जाडीच्या साधारण चतुर्थांश, आणि बाकी सारा गाभा असेल. दोन निरनिराळी लाकडे सरसाने जोडून जे साधायचे ते इथे झाडानेच करून ठेवले आहे.

आता अडचण अशी, की इंग्लंडातला यू बहुधा फांद्यांनी भरलेला, पिळलेला आणि गाठाळ असतो. आल्प्ससारख्या थंड, उंच डोंगरांत सावकाश वाढलेला यू पुष्कळदा त्याहून सरळ आणि बारीक वलयांचा निघतो. तेव्हा इंग्लंडच्या राजांनी लाकूड बाहेरून आणविले, आणि तेही कायद्याच्या जोरावर. १४७२ च्या कायद्याने व्हेनिससारख्या ठिकाणांहून येणाऱ्या व्यापाऱ्यांनी दर टन मालामागे धनुष्याच्या चार कांबी आणल्याच पाहिजेत असे ठरले. पुढे रिचर्ड तिसऱ्याच्या राजवटीत माल्मसी मद्याच्या प्रत्येक पिंपामागे दहा कांबींची सक्ती आली. मद्य विकायचे तर लाकूड आणा! या हव्यासापायी मध्य युरोपातील यूची राने उजाड झाली. १५९५ मध्ये इंग्लंडच्या नागरी सैन्यासाठी धनुष्याऐवजी बंदूक पत्करली गेली, तोवर त्या रानांचे व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते.

चांगले लाकूड आजही दुर्मीळ आहे. हौशी कारागिराच्या वाट्याला गाठाळच येते. तेव्हा गाठीकडे वळू.

गाठ म्हणजे खोडात रुतलेले फांदीचे बूड. नदीच्या पात्रात धोंडा असला की पाणी त्याला वळसा घालून पुढे जाते. तसे खोडाचे तंतू गाठीला वळसा घालतात. लाकडाचे बळ या तंतूंत आहे, आणि तेही ते अखंड असतील तोवरच. नवशिका काय करतो? गाठीजवळचा उंचवटा त्याला खुपतो. तो रंधा घेतो आणि पाठ गुळगुळीत करतो. दिसायला धनुष्य सुरेख होते. पण वळसा घातलेले सारे तंतू त्या रंध्याने मधेच कापलेले असतात. ओढ वाढली की तेथून एक ढलपी उचलते आणि दुसऱ्या क्षणी धनुष्याचे दोन तुकडे होतात. हे तुकडे तोंडाजवळ उडतात, हे लक्षात असू द्यावे.

जाणता कारागीर पाठीवरच्या गाठीला हात लावीत नाही. तो आजूबाजूचे लाकूड उतरवतो आणि गाठीवर टेकाडासारखा फुगवटा राहू देतो. गाठ कडेला आली तर तेथे रुंदी थोडी अधिक ठेवतो. कडेची अर्धवट कापलेली गाठ सर्वांत घातकी. पोटावरची गाठ त्या मानाने सोशीक. ती पक्की असेल तर तशीच ठेवावी. सैल, काळी पडलेली असेल तर कोरून काढून यूचीच खुंटी सरसाने घट्ट बसवावी. पोटावर दाब असल्यामुळे खुंटी तो दाब पुढे पोहोचवते. पाठीवर हा उपाय चालत नाही, कारण ताणाच्या जागी ठोकलेली खुंटी काहीच ओढून धरू शकत नाही.

हे सारे पुस्तकी नाही, याचा पुरावा समुद्राने जपून ठेवला. आठव्या हेन्रीचे ‘मेरी रोझ’ हे युद्धनौकांतले नामांकित जहाज १५४५ मध्ये पोर्ट्‌समथजवळ बुडाले आणि १९८२ मध्ये वर काढण्यात आले. त्यात सव्वाशेहून अधिक अखंड धनुष्ये मिळाली. लांबी सहा फुटांपासून जवळजवळ सात फुटांपर्यंत. ओढायचे बळ अभ्यासकांच्या अंदाजाने १०० ते १८५ पौंड. ऑलिंपिकमधील धनुष्य सुमारे ५० पौंडांचे असते, यावरून कल्पना करावी. राजाच्या शस्त्रागारातली ही धनुष्ये, पण त्यांच्या पाठीवरही गाठींच्या जागी लाकूड उंच राखलेले दिसते. सौंदर्यासाठी त्या कारागिरांनी एकही तंतू कापला नाही, हे आम्हांला फार मोलाचे वाटते.

लाकूड थंडीत तोडून, फाकून, टोकांना मेण लावून काही वर्षे सावलीत वाळवतात. मग वाकस, रंधा, कानस या क्रमाने काम चालते. खरी चिकाटी लागते ती वाक जुळवताना. खाचा पाडलेल्या उभ्या फळीवर धनुष्य टेकवून दोरी इंच इंच खाली ओढायची, दूर उभे राहून कमान पाहायची, आणि जेथे ताठपणा दिसेल तेथे पोटाकडून खरवडायचे. पाठीला हत्यार लावायचे नाही. येथेही गाठ डोळ्याला फसवते. गाठीपाशी कमान जरा सपाट, ताठ दिसते आणि खरवडण्याचा मोह होतो. तो आवरावा. ती जागा किंचित ताठच राहायला हवी. तेथे भरपूर वाक आणला तर सारा ताण दुबळ्या जागी गोळा होतो. लाकडाचा मुळातला बाकही दोरी चढवण्यापूर्वी पाहून ठेवावा, नाही तर तो बाक वाकण्याचा दोष समजून उगाच लाकूड जाते.

शेवटी टोकांना शिंगाच्या टोप्या बसवतात, त्यांच्या खाचेत तागाची किंवा जवसाच्या धाग्याची दोरी अडकते. पहिले काही डझन बाण अर्ध्या ओढीने सोडावेत आणि मधून मधून प्रत्येक गाठीवरून बोट फिरवून पाहावे. पोटावर केसाएवढी आडवी चुणी लागली, तर तिच्या दोन्ही अंगांचे लाकूड थोडे खरवडून वाक तिकडे वाटून देता येतो. पाठीवर तंतू उचललेला लागला, तर दोरी उतरवून ते धनुष्य भिंतीला टांगावे.