दोन चालू, दोन बंद

अण्णांनी माझ्या हातात एक सिरिंज दिली. सुई नसलेली, जाडजूड, तेलकट बोटांनी हाताळून पिवळी पडलेली. "ताई, पुढचं भोक अंगठ्यानं दाबून धरा आणि दांडा मागं ओढा." मी ओढला. दांडा येत होता, पण मनगटाला रग लागेपर्यंत जोर लावावा लागत होता. सोडल्याबरोबर तो सटकन आत गेला. "पेट्रोल इंजिन दिवसभर हेच करत असतं," अण्णा म्हणाले. "अन् त्या ओढाताणीचं बिल तुम्ही पंपावर भरता."

भोसरी एमआयडीसीच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये अण्णांचं गॅरेज आहे. आधी एका कारखान्यात टूलरूमला होते, मग गाड्यांकडे वळले. मी त्यांच्याकडे गेले ते भाच्याच्या गाडीमुळे. चाकणच्या पुढे नाशिक रस्ता जरा मोकळा मिळाला, तेव्हा त्याच्या समोरच्या पडद्यावर एक ओळ उमटली आणि तो सहज म्हणाला, "मावशी, आता चारातले दोनच सिलेंडर चालू आहेत." मी कान टवकारले. आवाज तोच, वेग तोच, धक्का नाही. आमच्या वडिलांच्या ॲम्बेसेडरचा एक प्लग काळा पडला तरी गाडी फाटकात शिरायच्या आधी घरातल्यांना कळायचं. इथे अर्धं इंजिन काम सोडून बसलं होतं आणि गाडीतल्या चौघांपैकी कुणाला पत्ता नव्हता. ती ओळ माझ्या डोक्यातून जाईना.

अण्णा हसले नाहीत. म्हणाले, "तीस वर्षं गिऱ्हाईक माझ्याकडे रडत आलं, गाडी मिसिंग करते म्हणून. आता कंपनीच मुद्दाम दोन सिलेंडर बंद करते. मलापण आधी पटलं नव्हतं."

पटावं म्हणून त्यांनी एक इंजिन विकत घेतलं. अपघातात पुढून चेपलेल्या गाडीचं, दीड लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन. गाडी चाकणलाच बनलेली. ते स्टँडवर बांधून ठेवलंय आणि संध्याकाळी काम आटोपलं की गॅरेजमधली पोरं त्याच्याभोवती जमतात.

मुद्दा थ्रॉटलपासून सुरू होतो. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण ठरलेलं असतं, वजनानं साधारण १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल. म्हणून कमी ताकद हवी असेल तेव्हा नुसतं पेट्रोल कमी करून भागत नाही, हवाही रोखावी लागते. ते काम थ्रॉटलची झडप करते. दीडशे हॉर्सपॉवरच्या गाडीला सपाट रस्त्यावर साठच्या वेगानं जायला दहा हॉर्सपॉवरसुद्धा लागत नाहीत. म्हणजे झडप जवळजवळ मिटलेली, आणि त्या फटीतून चारही पिस्टन हवा ओढतायत. माझ्या अंगठ्याखालची सिरिंज ती हीच.

आता चारातले दोन सिलेंडर कामातून काढले, तर उरलेल्या दोघांना दुप्पट काम करावं लागतं. दुप्पट कामाला जास्त हवा हवी, म्हणून थ्रॉटल जास्त उघडतो. उघडला की ओढाताण कमी होते. बचत आहे ती इथे. "दोन सिलेंडरना पेट्रोल नाही म्हणून अर्धं पेट्रोल वाचतं" असं भाच्यासारखे बरेच जण समजतात, तसं मुळीच नाही. गाडीला लागणारी ताकद तेवढीच राहते. फक्त ती मिळवताना वाया जाणारी मेहनत कमी होते.

"मग बंद सिलेंडरचा पिस्टन? तो तर फिरतोच ना?" मी विचारलं.

अण्णांनी सिरिंज परत घेतली, दांडा अर्धा ओढला, भोक दाबलं आणि दांडा आत रेटला. सोडल्यावर तो उसळून मागे आला. "आत घालताना जेवढा जोर दिला, तेवढा जवळपास परत मिळाला. फक्त दोन्ही व्हॉल्व्ह घट्ट बंद पाहिजेत. नुसतं पेट्रोल तोडलं अन् व्हॉल्व्ह चालू ठेवले, तर पिस्टन थंड हवा ओढणार, बाहेर फेकणार. त्यात काय वाचलं?"

म्हणजे या सगळ्या प्रकरणाचा जीव व्हॉल्व्ह बंद ठेवण्यात आहे. आणि तो भाग बघायला मिळावा म्हणून मी तिथे पुन्हा पुन्हा जात राहिले.

या इंजिनात वरचं झाकण आणि दोन्ही कॅमशाफ्ट एकाच तुकड्यात बसवलेले असतात. एका पोरानं तो तुकडा काढून टेबलावर उलटा ठेवला. जळक्या ऑइलचा तो कडवट, जड वास वर आला. पहिल्या आणि चौथ्या सिलेंडरवरचे कॅम नेहमीसारखेच, शाफ्टवर पक्के. दुसऱ्या आणि तिसऱ्यावर मात्र कॅमची एक नळी शाफ्टच्या दात्यांवर ओवलेली. ती आडवी सरकते. नळीवर प्रत्येक उंचवट्याला लागून एक साधा गोल भाग आहे, उंचवटाच नसलेला. उंचवटा फिरला की व्हॉल्व्ह उघडतो. नळी सरकून तिथे गोल भाग आला की शाफ्ट कितीही फिरो, व्हॉल्व्ह बंदच.

"सरकवतं कोण?" एका पोरानं विचारलं. त्याला उत्तर माहीत असावं, माझ्यासाठी विचारलं असावं.

नळीच्या एका भागावर तिरकी वळत गेलेली खाच आहे. गाडीत असताना वरून विजेच्या इशाऱ्यानं एक पीन त्या खाचेत उतरते. अण्णांनी पिनेचा तो भाग काढून ठेवला होता. मोकळ्या भोकातून त्यांनी एक बारीक पंच खाली सोडला, खाचेत टेकवला आणि दुसऱ्या हातानं शाफ्ट हळू फिरवला. पंच जागचा हलला नाही. खाच मात्र फिरता फिरता तिरकी होत गेली आणि नळी गुमान बाजूला सरकली. टक. आतला स्प्रिंगवरचा छर्रा नव्या खळग्यात बसला.

"परत करा," मी म्हणाले.

त्यांनी उलट केलं. टक. मग पंच माझ्या हातात दिला. पंचाला फारसा जोर लागत नव्हता, हे मला सगळ्यात आवडलं. विजेनं एवढंच करायचं, की पीन खाली सोडायची. नळी सरकवायला लागणारी ताकद शाफ्टच्या फिरण्यातूनच येते. ज्यानं हे पहिल्यांदा कागदावर काढलं, त्याला यंत्र कळलं होतं.

चालत्या गाडीत हे सगळं कॅमशाफ्टच्या अर्ध्या फेऱ्यात उरकतं. फोक्सवॅगननं २०१२ मध्ये पोलो ब्लूजीटीतून १.४ लिटरचं असं इंजिन युरोपात आणलं, तेव्हा आकडा दिला होता तो १३ ते ३६ मिलिसेकंदांचा, इंजिनाच्या वेगानुसार. बदल होताना धक्का बसू नये म्हणून थ्रॉटल आधीच थोडा उघडतो, ठिणगीची वेळ क्षणभर मागे घेतली जाते, आणि मग दोन सिलेंडर गळतात. बंद करायला दुसरा आणि तिसराच का? फायरिंगचा क्रम एक, तीन, चार, दोन. तीन आणि दोन वगळले की एक आणि चार उरतात, बरोबर इंजिनाच्या एका फेऱ्याच्या अंतरानं. दोन हजार आरपीएमला सेकंदाला सुमारे ६७ स्फोट होत होते, ते ३३ होतात, पण ताल चुकत नाही. ठोके कमी आणि जड झाले की थरथर वाढते. ती गिळायचं काम इंजिनाच्या माउंटिंगचं आणि फ्लायव्हीलचं.

ताल सांभाळता आला नाही म्हणून ही कल्पना एकदा सपाटून आपटली आहे. १९८१ मध्ये कॅडिलॅकनं सहा लिटरचं आठ सिलेंडरी इंजिन आणलं, जे गरजेनुसार आठ, सहा किंवा चार सिलेंडरांवर चालायचं. यंत्रणा ईटन कंपनीनं तयार केलेली. सत्तरच्या दशकातल्या तेलटंचाईनंतर अमेरिकन सरकारनं इंधनवापराचे नियम आणले होते आणि अवजड गाड्या विकणाऱ्यांना काहीतरी करणं भाग होतं. किती सिलेंडर चालू आहेत ते डॅशबोर्डवर आकड्यानं दिसायचं. पण त्या काळातला कॉम्प्युटर मंद, बदल होताना गाडी हिसके द्यायची. लोक वैतागले. बहुतेक मॉडेलांतून ते इंजिन वर्षभरातच गेलं. आधी विकलेल्या कितीतरी गाड्यांची ती जोडणी डीलरांकडच्या मेकॅनिकांनी काढून टाकली आणि त्या कायमच्या आठ सिलेंडरांवर धावल्या. पुढच्याच वर्षी मित्सुबिशीनं जपानात चार सिलेंडरांच्या छोट्या इंजिनावर हाच प्रयोग केला, तोही फार पसरला नाही. कल्पना बरोबर होती, तिला वेगवान कॉम्प्युटर मिळायला दोन दशकं गेली.

कॅडिलॅकची गोष्ट मी अण्णांना सांगितली. ते लगेच म्हणाले, "वायर काढली ना? बरोबर केलं त्यांनी. गाडी रस्त्यावर चालली पाहिजे, मग ती कितीही हुशार असो."

आता आकडा. फोक्सवॅगननं त्या पहिल्या इंजिनाची बचत सांगितली होती शंभर किलोमीटरला ०.४ लिटर. अण्णा त्याला ४०० मिली म्हणतात, कारण गिऱ्हाइकाला ते कळतं. पन्नासच्या एकसारख्या वेगात ती जवळपास लिटरभर होते, असंही कंपनीचं म्हणणं. पण ४०० मिली हा युरोपातल्या तेव्हाच्या चाचणीचा आकडा. ती चाचणी बंद खोलीत, रोलरवर, आखून दिलेल्या वेगांनी व्हायची. तिथे मोशीचा सिग्नल नव्हता, मध्येच वळणारा टेम्पो नव्हता. हलका भार, स्थिर पाय आणि १४०० ते ४००० च्या आसपासचे आरपीएम जुळून आले, तरच दोन सिलेंडर बंद होतात. आम्ही भोसरीहून चाकणपर्यंत गाडी नेली तेव्हा ती ओळ यायची, वाचेपर्यंत जायची. चाकण ओलांडल्यावर मात्र ती टिकू लागली. रोज हडपसर ते हिंजवडी करणाऱ्याच्या वाट्याला ४०० मिली येणार नाहीत, हे मी कुठल्याही जाहिरातीसमोर म्हणेन. महिन्यातून चारदा नाशिक किंवा कोल्हापूर करणाऱ्याला मात्र त्याच्या जवळपास जाता येईल, आणि त्याच्यासाठी ही यंत्रणा फायद्याची आहे.

एक गिऱ्हाईक नेमकं मी असतानाच आलं. "कंपनी सांगते तेवढं ॲव्हरेज पडत नाही. ते दोन सिलेंडरचं बिघडलं असेल, बघा." अण्णांनी बॉनेट उघडलंच नाही. पोराला गेज आणायला लावलं. चारही टायरांत हवा कमी. एकात तर फारच. "चारशे मिली इथंच गेले तुमचे," असं सांगून हवा भरून दिली, पैसे घेतले नाहीत.

मला या तंत्राबद्दल आदर वाटतो, तो टेबलावरच्या त्या टक आवाजामुळे. पण एक गोष्ट खुपते. सरकणारी नळी, बारीक खाच, छर्रा, स्प्रिंग, हे सगळं ऑइलच्या स्वच्छतेवर जगतं. अमेरिकेत काही मोठ्या इंजिनांत बंद होणाऱ्या सिलेंडरांचे टॅपेट खराब झाले, काहींत ऑइल वर चढून प्लग माखले, खटले झाले. त्यांची रचना वेगळी होती, पण धडा तोच आहे. आणि आपल्याकडे वॉरंटी संपली की गाडी कुणाकडे जाते? अण्णांसारख्याकडे. त्यांना हे कुणीही शिकवलेलं नाही. पदरचे पैसे घालून, मोडकं इंजिन आणून, ते शिकले. तीन पोरांना शिकवतायत. गाडी विकताना छापलेल्या चकचकीत पुस्तिकेचा खर्च निघतो, तर शेडमधल्या माणसासाठी चार पानं मराठीत का निघू नयेत?

अण्णांना यात राग वगैरे येत नाही. त्यांना वेगळीच चिंता आहे. छर्ऱ्याखालचा तो छोटा स्प्रिंग किती वेळा दबणार? खाचेची कड किती झिजणार? म्हणून त्यांनी एक वही ठेवली आहे. अशी गाडी सर्व्हिसिंगला आली की किलोमीटर, ऑइल कधी बदललं, कुठल्या ग्रेडचं, मालक जास्त हायवेला चालवतो की शहरात, असं सगळं लिहितात. अपघातातल्या इंजिनाची खाच त्यांनी मायक्रोमीटरनं मोजून पहिल्या पानावर नोंदवली आहे. ही इंजिनं घेऊन चाकणच्या गाड्या बाहेर पडू लागल्या त्या २०२१ पासून, त्यामुळे वहीतला सगळ्यात मोठा आकडा अजून दोन लाखांच्या बराच अलीकडे आहे. दोन लाखांवरची पहिली गाडी इंजिनकामाला आली, की मालकाची परवानगी घेऊन तीच खाच पुन्हा मोजायची, असं त्यांनी ठरवलंय. तेव्हा मला फोन करणार आहेत.