दार बदला, चौकट हलवू नका

‘नवं ते हवं’ हा संगणकाच्या दुनियेतला आवडता मंत्र. पण समजा, धरणाच्या पाणीपातळीचा रोजचा आलेख एक प्रोग्राम काढतो आहे. ऐन पावसाळ्यात तो एक दिवसही बंद पडून चालणार नाही. अशा वेळी त्यातला एकच भाग नवा कसा करायचा?

पायथन भाषेतली पॅकेजेस एकमेकांच्या आधारानं उभी असतात. आलेख काढणारं ‘मॅटप्लॉटलिब’ आकडेमोडीसाठी ‘नमपाय’वर विसंबतं. नमपाय ही जणू चौकट आणि तिच्यात अनेक दारं बसवलेली. जून २०२४ मध्ये नमपायची २.० आवृत्ती आली, तेव्हा जुन्या चौकटीच्या मापानं घडवलेली कित्येक पॅकेजेस चालेनाशी झाली.

पॅकेजेस बसवणारं साधन म्हणजे ‘पिप’. पूर्वी एक पॅकेज अद्ययावत करायला सांगितलं, की ते आधाराची पॅकेजेसही नवी करत असे. २०१८ मधल्या दहाव्या आवृत्तीपासून ते गरज असेल तरच आधाराला हात लावतं. तेवढंही नको असेल, तर ‘अपग्रेड’च्या आज्ञेला ‘नो-डेप्स’ ही सूचना जोडावी. मग फक्त दार बदलतं.

मात्र यात एक मेख आहे. या सूचनेनंतर पिप मापच घेत नाही. नव्या दाराला मोठी चौकट लागत असली, तरी ते मुकाट्यानं दार बसवून मोकळं होतं. नवी बिजागरी लागत असली, तर तीही आणत नाही.

म्हणून मी आधी ‘पिप फ्रीझ’नं सगळ्या आवृत्त्यांची यादी जपून ठेवतो, म्हणजे मागे फिरता येतं. बदल केल्यावर ‘पिप चेक’ चालवतो. पण ही तपासणी कागदावरची. पॅकेजच्या कर्त्यानं लिहिलेल्या अटीच ती पाहते. नमपाय २.० च्या वेळी अनेक जुन्या पॅकेजेसनी वरची मर्यादा लिहिलेलीच नव्हती. त्यामुळे कागद निर्दोष आणि काम ठप्प! तेव्हा खरा आलेख एकदा काढून पाहावाच.

मला त्याहून बरा वाटतो तो ‘कन्स्ट्रेंट’ फाइलचा मार्ग. जपलेल्या यादीतून बदलायच्या पॅकेजची ओळ काढून उरलेली यादी पिपला द्यायची. मग तो त्या चौकटीत बसणारी सर्वांत नवी आवृत्ती शोधतो. न सापडल्यास स्पष्ट नकार देतो. ऐन पावसात बंद पडलेल्या आलेखापेक्षा आधीच मिळालेला नकार केव्हाही बरा.