कोवळे डोके आणि फुटबॉलचा चेंडू

फुटबॉल हा गरिबाघरचा खेळ आहे, असे म्हटले तर त्यात वावगे काही नाही. क्रिकेटला बॅट लागते, पॅड लागतात, खेळपट्टी लागते. फुटबॉलला एक चेंडू, गोलाच्या खुणेला चार विटा आणि मोकळी जागा एवढे पुरते. म्हणूनच नागपुरात प्रा. विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतली मुले जमवून त्यांच्या हाती काही द्यायचे ठरवले तेव्हा फुटबॉल दिला. नागराज मंजुळे यांचा २०२२ सालचा 'झुंड' हा चित्रपट त्याच कामावरून सुचलेला, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. मुले मैदानात जातात, व्यसनापासून व रिकामटेकडेपणापासून दूर राहतात, याचा आपल्या सर्वांना आनंदच आहे.

परंतु याच खेळात एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे पालकांचे सहसा लक्ष जात नाही. ती म्हणजे डोक्याने चेंडू मारणे, ज्याला मैदानावर 'हेडर' म्हणतात. सात-आठ वर्षांचे पोर उंचावरून येणारा चेंडू कपाळावर झेलते, बघणारे टाळ्या वाजवतात आणि बापाची छाती फुगते. त्या कपाळामागे असलेल्या मेंदूचे काय होते, हा प्रश्न इंग्लंड, स्कॉटलंड व अमेरिका या देशांत गेली काही वर्षे गंभीरपणे विचारला गेला आणि त्यातून नवे नियम निघाले. हे नियम कसे आले व त्यांतून आपण काय घ्यावे, हे सांगण्यासाठी आजचा हा लेख.

कामाने झालेला रोग

इंग्लंडमध्ये जेफ ॲसल नावाचे नामांकित खेळाडू होऊन गेले. वेस्ट ब्रॉमविच अल्बियन हा त्यांचा संघ. १९६८ सालच्या एफ.ए. कपच्या अंतिम सामन्यात एकमेव गोल करून त्यांनी संघाला विजय मिळवून दिला. १९७० च्या विश्वचषकात ते इंग्लंडकडून खेळले. डोक्याने चेंडू मारण्यात त्यांचा हातखंडा होता. त्या काळी खेळाडूंना आजच्यासारखे कोट्यवधी मिळत नसत. खेळ सुटल्यावर ॲसल यांनी खिडक्या व इमारती साफ करण्याचा धंदा करून संसार चालवला.

पुढे या माणसाची स्मृती हळूहळू गेली. जानेवारी २००२ मध्ये वयाच्या ५९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे कोरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, नोव्हेंबर २००२ मध्ये निर्णय दिला की हा मृत्यू कामातून जडलेल्या रोगाने झाला. वर्षानुवर्षे डोक्याने चेंडू मारल्यामुळे मेंदूला इजा होत गेली, असा त्याचा अर्थ.

आमच्या मते हा निर्णय कामगारांच्या घरात विशेष समजण्यासारखा आहे. कापड गिरणीत कापसाची तूस छातीत जाऊन दमा जडतो, खाणीत दगडाची धूळ जाऊन फुफ्फुस निकामी होते, आणि ते एका दिवसात दिसत नाही. रोज थोडे थोडे साचते आणि म्हातारपणी बाहेर येते. ॲसल यांच्या बाबतीत चेंडूने तेच केले, असे कोरोनरचे म्हणणे होते.

एवढा स्पष्ट निर्णय झाला तरी फुटबॉलच्या कारभाऱ्यांनी घाई केली नाही. जो अभ्यास करू म्हणून सांगितले होते, तो तडीस गेला नाही. ॲसल यांची पत्नी व मुली गप्प बसल्या नाहीत. २०१४ साली ग्लासगोचे डॉ. विली स्टुअर्ट यांनी ॲसल यांच्या मेंदूची पुन्हा तपासणी केली. बॉक्सिंग करणाऱ्यांच्या मेंदूत वारंवार मार बसून जो रोग आढळतो तोच त्यांना तेथे आढळला. कुटुंबाने जाहीर मोहीम उघडली आणि 'याचा शोध घ्या' ही मागणी लावून धरली.

त्यानंतर ग्लासगो विद्यापीठात मोठा अभ्यास झाला. स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंची तुलना २३,०२८ सामान्य लोकांशी करण्यात आली. ऑक्टोबर २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंशासारख्या मेंदूच्या रोगाने मरण पावण्याचे प्रमाण या खेळाडूंमध्ये सुमारे साडेतीन पट अधिक होते. २०२१ मध्ये याच अभ्यासाचा पुढचा भाग आला. त्यात बचावफळीतल्या खेळाडूंमध्ये हे प्रमाण सर्वांत जास्त दिसले. गोलरक्षकाचे प्रमाण मात्र सामान्य माणसापेक्षा फारसे वेगळे नव्हते. बचावफळीला सर्वाधिक हेडर मारावे लागतात, गोलरक्षक हाताने चेंडू अडवतो. वाचकांनी काय ते समजावे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हा अभ्यास आयुष्यभर व्यावसायिक फुटबॉल खेळलेल्या पुरुषांचा आहे. शाळेत चार वर्षे खेळलेल्या मुलाला पुढे स्मृतिभ्रंश होईलच, असे त्यातून निघत नाही. उलट याच खेळाडूंमध्ये हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळले. म्हणजे खेळ हितकारकच आहे. जपायचे आहे ते डोके.

पालक न्यायालयात गेले

इंग्लंडमध्ये हे चालू असताना अमेरिकेत प्रश्न मुलांच्या बाजूने उभा राहिला. ऑगस्ट २०१४ मध्ये काही पालक व खेळाडूंनी कॅलिफोर्नियातील न्यायालयात फुटबॉल संघटनांविरुद्ध दावा लावला. त्यांनी नुकसानभरपाई म्हणून पैसा मागितला नाही. त्यांची मागणी नियम बदलण्याची होती. नोव्हेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाशी तडजोड झाली आणि २०१६ च्या आरंभापासून नवे नियम लागू झाले. १० वर्षे व त्याखालील मुलांनी डोक्याने चेंडू मारायचा नाही, सरावातही नाही आणि सामन्यातही नाही. ११ ते १३ वयाच्या मुलांच्या सरावावर मर्यादा आली. तिच्या तपशिलात आठवड्याला अर्धा तास आणि एका मुलाला १५ ते २० हेडर, याहून जास्त नाही, असे मोजमाप घालून दिले गेले. लहान मुलाने सामन्यात मुद्दाम हेडर मारला तर समोरच्या संघाला फ्री किक मिळते.

फेब्रुवारी २०२० मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड यांनी प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांच्या सरावातून हेडर काढून टाकला. पुढे इंग्लंडने सामन्यांतूनही तो टप्प्याटप्प्याने काढण्याचे ठरवले. २०२४-२५ च्या हंगामात ९ वर्षांखालील गटापर्यंत, २०२५-२६ मध्ये १० वर्षांखालील गटापर्यंत आणि २०२६-२७ मध्ये ११ वर्षांखालील गटापर्यंत, असा तो क्रम आहे. मोठ्यांनाही सूट नाही. स्कॉटलंडने नोव्हेंबर २०२२ मध्ये व्यावसायिक संघांना सामन्याच्या आदल्या व दुसऱ्या दिवशी हेडरचा सराव करू नका, असे सांगितले.

आम्ही कारकुनी करणारी माणसे, म्हणून हिशेबाच्या भाषेत बोलतो. समजा एखाद्या उत्साही प्रशिक्षकाने मुलाला रोज २० हेडर मारायला लावले आणि आठवड्याचे पाच दिवस सराव झाला. आठवड्याचे १०० झाले आणि वर्षात ५० आठवडे धरले तर ५,००० झाले. सामन्यात लहान मुलाला हेडर मारण्याची पाळी क्वचितच येते. म्हणजे खरा भार सरावातच पडतो, आणि सराव कसा घ्यायचा हे संपूर्णपणे मोठ्यांच्या हातात आहे.

मेंदूचा मुका मार

आता मूळ दुखण्याकडे येऊ. डॉक्टर ज्याला 'कन्कशन' म्हणतात, तो मेंदूला बसलेला मुका मार आहे. मेंदू कवटीच्या आत पातळ द्रवात असतो. डोके एकाएकी हलले की मेंदूही आत जोरात हलतो आणि त्याच्या कामात बिघाड होतो. बाहेरून खोक पडत नाही, रक्त येत नाही. बेशुद्ध पडले तरच कन्कशन, ही समजूत चुकीची आहे. बहुतेक मुले शुद्धीवरच असतात. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे, मान कच्ची आणि मेंदू अजून वाढीला लागलेला, म्हणून त्याला धोका अधिक. मुलींच्या पालकांनीही लक्ष द्यावे. अमेरिकेतील शाळांच्या नोंदींत फुटबॉलमधल्या कन्कशनचे प्रमाण मुलांपेक्षा मुलींमध्ये जास्त आढळले आहे.

हेडर बंद केला म्हणजे सर्व काम झाले, असेही नाही. अमेरिकेतील हायस्कूलच्या नोंदींचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. हेडर मारताना ज्यांना कन्कशन झाले, त्यांतील बहुतेकांना चेंडूपेक्षा दुसऱ्या खेळाडूचे डोके, कोपर किंवा खांदा लागला होता. म्हणून धसमुसळा खेळ थांबवणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. बाजारात डोक्याला बांधायच्या मऊ पट्ट्या मिळतात. त्यांनी कन्कशन टळते असे खात्रीने सिद्ध झालेले नाही. त्या पैशात मुलाला चांगले बूट घ्यावेत.

पालकांनी ही लक्षणे पाठ करावीत : डोके दुखणे, चक्कर, मळमळ, नजर अंधुक होणे, उजेड वा आवाज सहन न होणे, तोल जाणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, गोंधळल्यासारखे बघणे, नेहमीपेक्षा चिडचिड किंवा रडू. काही लक्षणे लगेच दिसतात, काही दुसऱ्या दिवशी. आपल्याकडे अशा वेळी तोंडावर पाणी मारतात, कांदा हुंगवतात, टेंगळावर हळद लावतात आणि 'काही झालं नाही रे, ऊठ' म्हणून पोराला परत मैदानात ढकलतात. नेमके हेच करू नये.

पहिला मार बरा होण्याआधी दुसरा बसला तर मेंदूला झपाट्याने सूज येऊ शकते. असे क्वचित घडते, पण घडते तेव्हा जीवच जातो. २०११ साली उत्तर आयर्लंडमध्ये शाळेच्या रग्बी सामन्यात १४ वर्षांचा एक मुलगा असाच गेला. मार लागूनही तो खेळत राहिला होता. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात २००६ साली १३ वर्षांचा झॅकरी लिस्टेट डोक्याला मार लागूनही अमेरिकन पद्धतीच्या फुटबॉल सामन्यात परतला आणि कायमचा अपंग झाला. त्याच्या नावाने मे २००९ मध्ये तेथे कायदा झाला. त्यानुसार शंका येताच मुलाला बाहेर काढायचे आणि वैद्यकीय परवानगीशिवाय परत घ्यायचे नाही. पुढे अमेरिकेच्या सर्व राज्यांनी असे कायदे केले.

आपण काय करावे

पहिली गोष्ट, शंका आली की मूल मैदानाबाहेर. त्या दिवशी पुन्हा खेळ नाही, मग अंतिम सामना का असेना. मूल 'मी बरा आहे' म्हणेल, कारण जागा जाण्याची त्याला भीती असते. निर्णय त्याच्यावर सोडू नये. दुखण्याची गोळी देऊन उतरवणे तर अगदीच घातक, कारण गोळीने लक्षण झाकते, मार तसाच राहतो.

दुसरी गोष्ट, डॉक्टरांना दाखवावे आणि पहिले २४ तास मुलाला एकटे ठेवू नये. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, जड होणारी जीभ, हातापायात अशक्तपणा, मानेत तीव्र वेदना, लहान-मोठी दिसणारी बुबुळे, कानानाकातून पाणी किंवा रक्त, हाक मारूनही नीट जाग न येणे, यांतले एक जरी दिसले तरी तत्काळ मोठे रुग्णालय गाठावे. स्कॅन नॉर्मल आला म्हणजे लगेच खेळायला मोकळा, असे समजू नये. स्कॅन मुख्यतः रक्तस्राव शोधतो. कन्कशन त्यात बहुधा दिसत नाही.

तिसरी गोष्ट, परतण्याची घाई नको. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मोबाईल व टी.व्ही. कमी. मग हलके चालणे, मग शाळा व अभ्यास, आणि सर्वांत शेवटी खेळ. ब्रिटनमध्ये २०२३ साली जाहीर झालेल्या सूचनांप्रमाणे निदान २१ दिवस सामना खेळता येत नाही.

चौथी गोष्ट वस्तीतल्या मंडळांसाठी व क्रीडाशिक्षकांसाठी. ११ वर्षांखालील मुलांचा हेडरचा सराव बंद करावा. त्याऐवजी पायाने चेंडू ताब्यात ठेवणे व अचूक पास देणे शिकवावे, लहान मुलांचा खेळ त्यानेच सुधारतो. मोठ्या मुलांना शिकवताना हलक्या चेंडूने, थोडे थोडे व मोजून शिकवावे. लहानांना लहान आकाराचा चेंडू द्यावा, पाणी शोषून जड झालेला जुना चेंडू फेकून द्यावा. ज्याला मार लागला त्याचे नाव व तारीख वहीत लिहून ठेवावी आणि त्याच दिवशी घरी कळवावे.

या सगळ्यात पैसा लागतो तो एका वहीचा. नियम करायला मंडळाला वरून हुकूम यावा लागत नाही. शनिवारच्या बैठकीत ठराव मांडला आणि रविवारी सकाळी मैदानावर वाचून दाखवला की झाले. इंग्लंडमध्ये एका खेळाडूच्या घरच्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, अमेरिकेत आईबापांना न्यायालयाची पायरी चढावी लागली, तेव्हा कुठे तेथील कारभारी हलले. आपल्या मंडळाचे कारभारी आपणच आहोत. ज्या पोराने डोके चालवून दहावी-बारावी गाठावी, शिकून घर वर काढावे अशी आपली आशा आहे, त्याचे डोके जपण्याचा ठराव करायला आपल्याला कोणी अडवलेले नाही.