बहुरूपी की बलदंड? लॅपटॉपच्या निवडीचा हिशेब

आजच्या विद्यार्थ्याला वही-पेनाइतकाच संगणक आवश्यक झाला आहे, असे आपण नेहमी ऐकतो. परंतु वही आणि संगणक यांत एक मोठा फरक आहे. चाळीस रुपयांची वही मनासारखी निघाली नाही, तर दुसरी घेता येते. लॅपटॉपचे तसे नाही. मध्यमवर्गीय घरात ती चार-पाच वर्षांतून एकदाच होणारी भांडवली खरेदी असते आणि तिच्यासाठी घरातला दुसरा कोणता तरी खर्च मागे ठेवलेला असतो. असे असूनही ही खरेदी बहुधा जाहिरात पाहून किंवा मित्राचा लॅपटॉप पाहून केली जाते. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी या नात्याने तिचा हिशेब मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सिकंदराबादला पार्कलेनवर चिनॉय ट्रेड सेंटर म्हणून संगणकांचा बाजार आहे. हैदराबादचे विद्यार्थी त्याला 'सीटीसी' म्हणूनच ओळखतात. तेथे 'पंचाहत्तर हजारांच्या आसपास दाखवा' असे म्हटले, की दुकानदार साधारणपणे दोन प्रकारचे लॅपटॉप समोर ठेवतो. एक सडपातळ, पाठीकडे पूर्ण दुमडणारा आणि पडद्यावर पेनाने लिहिता येणारा. दुसरा जाड, वजनदार आणि मागच्या बाजूस पंख्याच्या जाळ्या असलेला. पहिल्याला आपण बहुरूपी म्हणू, दुसऱ्याला बलदंड.

दोन जाती, दोन स्वभाव

बहुरूपी लॅपटॉपची बिजागरी तीनशे साठ अंशांत फिरते. त्यामुळे तो कधी लॅपटॉप असतो, तर कधी पाटीसारखा हातात धरता येतो. लेनोव्हो कंपनीने २०१२ साली विंडोज ८ बरोबर 'योगा' हा लॅपटॉप बाजारात आणला आणि हा प्रकार सर्वतोमुखी झाला. पुढे इतर कंपन्यांनीही तो उचलला. एचपीचे 'एक्स ३६०' हे त्याचेच उदाहरण. या लॅपटॉपमध्ये बहुधा कमी वीज खाणारा प्रोसेसर असतो. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाअखेर 'यू' हे अक्षर असेल, तर त्याची मूळ वीजमर्यादा साधारण १५ वॅट समजावी.

बलदंड लॅपटॉप मुळात संगणकावरील खेळांसाठी जन्मला. असूसचे आरओजी आणि टफ, लेनोव्होचे एलओक्यू, एचपीचे व्हिक्टस, एसरचे नायट्रो ही त्यातली बाजारात नेहमी ऐकू येणारी नावे. यातील प्रोसेसरच्या नावाअखेर बहुधा 'एच' असते आणि मूळ वीजमर्यादा ४५ वॅट असते. पण खरा फरक आहे तो स्वतंत्र ग्राफिक्स चिपचा. मुख्य प्रोसेसर हा पेढीवरच्या हुशार मुनीमासारखा असतो. अवघड हिशेब तो एकामागून एक झरझर सोडवतो. ग्राफिक्स चिप म्हणजे हजारो कारकुनांचे कार्यालय. प्रत्येक जण फक्त लहानशी बेरीज करतो, पण सर्व एकाच वेळी करतात. लॅपटॉपमधील एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०५० या चिपमध्ये असे २,५६० गणनघटक आहेत. पडद्यावरील लाखो ठिपक्यांचा रंग एकदम ठरवायचा असेल, तर मुनीम अपुरा पडतो. तेथे कारकुनांचीच फौज लागते.

या फौजेचा खर्चही मोठा. समजा, दोन्ही लॅपटॉपची बॅटरी ५० वॅट-तासांची आहे. लेखन-वाचनाला सडपातळ यंत्र ८ ते १० वॅट घेत असेल, तर बॅटरी पाच-सहा तास पुरते. पूर्ण शक्तीने चाललेले बलदंड यंत्र १०० वॅट घेत असेल, तर तीच बॅटरी अर्ध्या तासात संपावी. म्हणून ही यंत्रे बॅटरीवर असताना आपला वेग आपणच उतरवतात. याचाच अर्थ असा, की त्यांची शक्ती भिंतीतल्या प्लगशी बांधलेली असते. वजनातही तोच प्रकार. बहुरूपी यंत्र दीड किलोच्या आसपास, तर बलदंड सव्वादोन-अडीच किलो. शिवाय त्याचा चार्जर विटेएवढा. सुलतान बाजार स्थानकावर मेट्रोच्या गर्दीत उभ्याने प्रवास करणाऱ्याला त्या एका किलोचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याची गरज

आता आपल्या अभ्यासाकडे वळू. आपल्यापैकी बरेच जण उस्मानिया विद्यापीठाच्या बी.कॉम. (कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स) अभ्यासक्रमाचे आहेत. आपण टॅली वापरतो, एक्सेल वापरतो, पीडीएफ वाचतो आणि प्रकल्प टंकलिखित करतो. यांपैकी कशालाही स्वतंत्र ग्राफिक्स चिप लागत नाही. १९८६ साली सुरू झालेल्या कंपनीचे टॅली तर साध्या यंत्रावरही सुखाने चालते. एक्सेलचा कागद फार मोठा झाला, तर त्याला अधिक स्मृती म्हणजे रॅम हवी. खेळांसाठी बनवलेली चिप त्याच्या उपयोगी पडत नाही.

उलट पेनाचा उपयोग आपल्याला निश्चित आहे. खातेवहीचा टी-आकार, समायोजनाच्या नोंदी, ताळेबंदाच्या दोन बाजू या गोष्टी हाताने लिहिल्याशिवाय अंगवळणी पडत नाहीत, आणि सी.ए.च्या वर्णनात्मक प्रश्नपत्रिका आजही कागदावर हातानेच सोडवाव्या लागतात.

काही गुण मात्र दोन्हीकडे समान असतात; ते हिशेबातून वजा करावेत. मराठी व कन्नड टंकलेखन हे त्याचे उदाहरण. इनस्क्रिप्ट कळफलकाची रचना भारतीय लिप्यांसाठी समान असल्याने ज्या कळीवर देवनागरी 'क' उमटतो, त्याच कळीवर कन्नड 'क' उमटतो. आपल्या अंकाच्या दोन्ही विभागांचे लेखन करणाऱ्याला ही मोठी सोय आहे, परंतु ती कोणत्याही लॅपटॉपवर मिळते. दुकानदार असे गुण मोठ्या उत्साहाने सांगतो. आपण ते दोन्ही बाजूंना सारखे मांडून खोडून टाकावेत.

घसारा आणि निष्क्रिय क्षमता

कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या परिशिष्टात लॅपटॉपचे उपयुक्त आयुष्य ३ वर्षे धरले आहे. आयकराच्या नियमांत संगणकावरील घसारा घटत्या शिल्लक पद्धतीने ४० टक्के दिला आहे. त्या दराने ७५,००० रुपयांचा लॅपटॉप पहिल्या वर्षाअखेर ४५,०००, दुसऱ्या वर्षाअखेर २७,००० आणि तिसऱ्या वर्षाअखेर १६,२०० रुपयांवर येतो. म्हणजे तीन वर्षांत ५८,८०० रुपये झिजले. रोजचे सुमारे ५४ रुपये. लॅपटॉप उघडा अथवा न उघडा, हे ५४ रुपये जातातच.

म्हणून प्रश्न 'यात काय काय आहे?' हा नसून 'यातले मी किती तास वापरणार?' हा आहे. आठवड्यातून दोन तास खेळण्यासाठी बलदंड लॅपटॉप घेतला, तर त्याची बरीचशी शक्ती उरलेला आठवडा पडून राहते. परिव्यय लेखाशास्त्रात आपण हिला निष्क्रिय क्षमता म्हणतो. आणि हाच नियम बहुरूपी यंत्रालाही लागू आहे. पेन पहिल्या महिन्यानंतर खणात जाणार असेल, तर फिरणाऱ्या बिजागरीचे पैसे वाया गेले. अशा विद्यार्थ्याने दोन्ही सोडून त्याहून स्वस्त, साधा लॅपटॉप घ्यावा.

एका घराचा हिशेब

येथपर्यंतचा विचार एकट्या विद्यार्थ्याचा झाला. पण आपल्यातील किती जण लॅपटॉप एकट्याने वापरतात? आमच्याच घरचे उदाहरण देतो. या वर्षी बाबांची चिट्टी उचलायची पाळी आली आणि त्यातले पंचाहत्तर हजार लॅपटॉपसाठी ठरले. वापरणारे दोघे. मी बी.कॉम.चा, आणि माझी धाकटी बहीण ॲनिमेशनच्या पदविकेची. मी थोरला, शिवाय पुढे सी.ए. करणार, म्हणून लॅपटॉप माझ्या गरजेचा घ्यावा असा बाबांचा कल होता. मलाही बहुरूपी लॅपटॉपच हवा होता. आईचे म्हणणे एवढेच, की दोघांनी मिळून कागदावर मांडा.

आम्ही आठवड्याचे तास मांडले. माझे वीस, त्यांपैकी ग्राफिक्स चिप लागणारे शून्य. तिचे पंचवीस, त्यांपैकी बारा ब्लेंडर या प्रणालीवर त्रिमिती चित्रे घडवण्याचे. शिवाय रात्रभर चालणारे रेंडरिंग वेगळेच. रेंडरिंग म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे लागतात. दहा सेकंदांच्या दृश्याला २४०. एका चित्राला एक मिनिट लागले, तर चार तासांत काम संपते. तेच काम स्वतंत्र चिप नसलेल्या यंत्रावर चित्रामागे दहा मिनिटे घेऊ लागले, तर चाळीस तास! हैदराबाद हे या व्यवसायाचे शहर आहे. २००८ पासून गाजलेला 'छोटा भीम' येथल्याच ग्रीन गोल्ड संस्थेचा, आणि 'ईगा' (२०१२) या तेलुगू चित्रपटातील माशीची किमया येथल्याच मकुटाची. तेव्हा तिच्या अभ्यासाला छंद म्हणून बाजूला सारणे योग्य झाले नसते.

मग दुसरा प्रश्न आला. ज्याला जे मिळणार नाही, ते त्याला दुसरीकडून मिळेल काय? माझे टॅली आणि एक्सेल कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते, आणि हाताने लिहायला वही आहेच. तिच्या संस्थेची प्रयोगशाळा मात्र संध्याकाळी बंद होते. रात्रभर चालणारे काम तेथे करता येत नाही. परिव्यय लेखाशास्त्रात मर्यादक घटक शिकवतात. जो घटक सर्वांत अपुरा, त्याभोवती योजना आखायची. आमच्या घरात अपुरा घटक होता ग्राफिक्स चिपचा.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरला. खरेदीनंतर कोणती उणीव भरून काढता येते? बलदंड लॅपटॉपवर पेन चालत नसेल, तर काही हजारांत वेगळी चित्रपाटी जोडता येते. रॅम आणि साठवण बहुधा वाढवता येते. परंतु ग्राफिक्स चिप मुख्य पाटावर डाखलेली असते. ती मागाहून बसत नाही. थंडरबोल्ट जोडणी असलेल्या यंत्राला ती बाहेरून लावता येते खरी, पण तो खर्च नव्या लॅपटॉपच्या वाटेने जातो. तसेच बलदंड लॅपटॉपचे वजनही मागाहून कमी करता येत नाही. म्हणजे न बदलणाऱ्या गोष्टी दोनच, चिप आणि वजन. आमचा लॅपटॉप टेबलावरच राहणार असल्याने वजनाची अडचण उरली नाही.

हिशेब माझ्या इच्छेविरुद्ध गेला आणि बलदंड लॅपटॉप घरी आला. संध्याकाळी टेबल माझे आणि रात्री यंत्र तिचे, अशी वाटणी झाली आहे. 'बहुरूपी' हे नाव आकाराचे वर्णन करते, कामाचे नव्हे, हेही यातून लक्षात आले. आमच्यापुरता बहुरूपी ठरला तो बलदंडच. कारण तो माझेही काम करतो आणि तिचेही. मी एकटा असतो, रोज लॅपटॉप पाठीवर वाहणार असतो, तर उत्तर नेमके उलटे आले असते.

दुकानात विचारावयाचे प्रश्न

बलदंड लॅपटॉप घेताना चिपचे नुसते नाव ऐकून समाधान मानू नये. तिला किती वॅट दिले आहेत ते विचारावे. आरटीएक्स ४०५० ही एकच चिप ३५ पासून ११५ वॅटपर्यंत बसवता येते, आणि वॅट कमी तर वेग कमी. चित्रकामासाठी पडद्याचा रंगविस्तार विचारावा. स्वस्त यंत्रांत तो अनेकदा तोकडा असतो. बहुरूपी घेताना पेन किमतीत आहे की वेगळे, आणि रॅम वाढवता येते की पाटावर डाखलेली आहे, हे पाहावे. जुना लॅपटॉप घेत असल्यास तो विंडोज ११ चालवतो ना, याची खात्री करावी. कारण विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. बोलण्यातली किंमत १८ टक्के वस्तू व सेवा करासह आहे ना, हेही विचारावे आणि पक्के बिल घ्यावे.

सारांश असा : आपले तास मोजावेत, दुसरीकडे होणारे काम वजा करावे, आणि मागाहून न बदलता येणाऱ्या गोष्टींवर निर्णय घ्यावा. विद्यार्थी मित्रांनो, हा कागद घरातल्या सर्वांनी एकत्र बसून मांडावा, आणि ज्याचे काम दुसरीकडे कोठेच होत नाही, त्याचे तास त्यात आधी लिहावेत.