फोटोतली नोटीस कशी वाचायची?

मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून बोलतेय. बचत गटांची समन्वयक म्हणून एरवी मी तुमच्याशी हप्ते, व्याज आणि बँकेच्या कागदपत्रांबद्दल बोलते. आज मात्र कॉलेजच्या वेबसाइटबद्दल बोलणार आहे. "त्याच्याशी आपला काय संबंध?" असं तुमच्या मनात आलं असेल. संबंध आहे, आणि तो मला गटाच्या बैठकीतच कळला.

आमच्या गटातल्या एका ताईंनी गेल्या वर्षी थोडे पैसे कर्जाऊ मागितले. कर्जाचं कारण म्हणून वहीत काय लिहू, असं विचारलं तर म्हणाल्या, "पोरीच्या परीक्षेचा फॉर्म उशिरा भरला, त्याचा दंड." त्यांची मुलगी बी.ए.ला आहे. तिला जन्मापासून दिसत नाही. अभ्यासात हुशार आहे आणि मोबाइल आपल्यापेक्षा झरझर चालवते. मग मुदत चुकली कशी? कॉलेजनं नोटीस कागदावर छापली, तिच्यावर सही-शिक्का मारला, मोबाइलनं फोटो काढला आणि तोच फोटो वेबसाइटवर व ग्रुपवर टाकला. मुलीचा फोन त्या जागी येऊन एवढंच बोलला, "इमेज". आत तारीख आहे की सुट्टीची सूचना, तिला कसं कळणार? मैत्रिणीनं सांगितलं तोवर मुदत संपली होती.

दिसत नसलेली व्यक्ती मोबाइल कसा वापरते, ते आधी समजून घेऊ. आपल्या साध्या अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक नावाची सोय असते. ती सुरू केली की बोट जिथं ठेवाल तिथलं फोन वाचून दाखवतो, आणि लागोपाठ दोनदा टिचकी मारली की ते उघडतो. कॉम्प्युटरसाठी एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर आहे, तेही फुकट मिळतं. अशा सोयीला स्क्रीन रीडर म्हणतात. तो अक्षरं वाचतो. फोटो म्हणजे त्याच्या लेखी नुसते रंगाचे ठिपके. काही फोन आता फोटोतली अक्षरं ओळखून वाचतात, पण वेळापत्रकाचे रकाने आणि तारखा त्यात हमखास गडबडतात. परीक्षेची तारीख अंदाजानं कशी धरायची?

मराठीत आणखी एक घोळ आहे. आपल्याकडे कितीतरी पत्रकं अजून जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतात. दिसायला ती मराठी दिसतात, पण कॉम्प्युटरच्या पोटात त्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. डब्यावर 'साखर' लिहिलंय आणि आत मीठ भरलंय, तशातला प्रकार. आपण लेबल बघतो आणि स्क्रीन रीडर चव घेतो. त्याला ऐकू येतं ते सगळं अगम्य. म्हणून मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करायला हवा. तुम्ही मोबाइलवर मराठीत मेसेज लिहिता ना, तो युनिकोडच असतो. म्हणजे आपल्याला जे येतं तेच कॉलेजच्या ऑफिसनं करायचंय.

अडचण फक्त न दिसणाऱ्यांचीच असते असं नाही. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना सरांच्या व्हिडिओखाली लिहून आलेले शब्द लागतात. ज्यांचे हात नीट चालत नाहीत ते माउस धरू शकत नाहीत, त्यांना सगळा फॉर्म कीबोर्डवरून भरता आला पाहिजे. ज्यांना कमी दिसतं त्यांना पांढऱ्यावर फिक्कट पिवळी अक्षरं वाचता येत नाहीत. "लाल रंगातले रकाने भरा" अशी सूचना असेल तर रंग न ओळखणाऱ्यानं काय करायचं? आणि फॉर्म भरता भरता वेळ संपून पान बंद पडलं, की सावकाश टाइप करणाऱ्या मुलाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हे सगळं कसं टाळायचं याचे जगभर मानलेले नियम १९९९ पासून आहेत. सरकारी वेबसाइटसाठी आपल्या देशातही २००९ पासून मार्गदर्शक सूचना आहेत.

कायदाही आपल्या बाजूनं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव ठेवा, असं तो सांगतो. डिजिटल माहिती सर्वांना वापरता आली पाहिजे, असंही त्याच कायद्याच्या कलम ४२ मध्ये आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ मध्ये कॉलेजांसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, या बाबतीत नुसत्या सूचना पुरेशा नाहीत, बंधनकारक नियम करा. पुढं ३० एप्रिल २०२५ ला न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला. त्या प्रकरणात अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या बायका होत्या. बँकेच्या ओळख-तपासणीत कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करायला सांगत होते, आणि त्यांना ती करता येत नव्हती.

आपल्या कोल्हापूरला हा विषय परका नाही. नसीमा हुरजूक स्वतः चाकाच्या खुर्चीवर होत्या. त्यांनी १९८४ मध्ये इथं 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. खुर्ची आत जायची तर पायरीशेजारी उतार हवा, हे आता आपल्याला पटलंय. वेबसाइटलाही असाच उतार लागतो. फरक एवढाच की यासाठी सिमेंट-वाळू लागत नाही. नोटीस टाइप करणाऱ्यानं फोटोऐवजी मूळ फाइल टाकली तरी निम्मं काम होतं.

मग आपण काय करायचं? पहिलं, मुलीच्या किंवा मुलाच्या नावानं प्राचार्यांना साधा अर्ज द्या. "वेबसाइट सुधारा" एवढंच लिहू नका. कोणत्या तारखेची कोणती नोटीस वाचता आली नाही, कोणतं बटण बोललं नाही, ते लिहा आणि पोच घ्या. दुसरं, अभ्यासाची पुस्तकं. केंद्र सरकारच्या पुढाकारानं २०१६ मध्ये सुरू झालेलं 'सुगम्य पुस्तकालय' आहे, तिथं छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्यांसाठी ऑनलाइन पुस्तकं मिळतात. पुस्तक तिथं नसेल तर अशा विद्यार्थ्यासाठी त्याची ऐकता येणारी प्रत तयार करायला २०१२ पासून कॉपीराइट कायद्याची मुभा आहे. त्यामुळे "पुस्तकाची कॉपी काढता येणार नाही" असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. तिसरं, कॉलेजनं दाद दिली नाही तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

आमच्या ताईंच्या मुलीनं असाच अर्ज दिला. आता नोटीस फोटोसोबत टाइप करूनही येते. दर वेळी नाही, पण येते. कधी आली नाही तर ती ऑफिसात फोन करून विचारते.

आणि एक कबुली द्यायची राहिली. ती मुलगी मला म्हणाली, "मावशी, तुमच्या गटाची नोटीससुद्धा फोटोच असते की!" खरं होतं. मी वहीच्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकत होते. आमच्या गटातल्या दोन आजींना ते बारीक अक्षर दिसत नव्हतं, आणि लाजेनं त्या विचारत नव्हत्या. आता बैठकीची तारीख, वेळ आणि हप्ता मी टाइप करून पाठवते. पाच मिनिटं जास्त लागतात. तुम्हीही तुमच्या ग्रुपवरचा शेवटचा निरोप आज उघडून बघा. फोटो असेल, तर त्याखाली तोच मजकूर टाइप करा.

पुढच्या वेळी बोलू बचत गटाच्या हिशोबाबद्दल.