छात्रालयातील दैनिक

धरणगावाहून सुरत-भुसावळ लोहमार्गाने पश्चिमेस निघाले म्हणजे थोड्याच वेळात अमळनेर लागते. तेथील प्रताप हायस्कुलात १९२४ साली पांडुरंग सदाशिव साने हे तरुण शिक्षक रुजू झाले, पुढे छात्रालयाचा कारभार त्यांच्या अंगावर आला, आणि मुलांच्या खोल्यांची आवरासावर स्वतः करणाऱ्या या गुरुजींनी त्यांच्यासाठी ‘छात्रालय दैनिक’ नावाचे हस्तलिखित पत्र सुरू केले. त्याला ना छापखाना होता, ना जाहिराती, ना वर्गणीदारांची यादी. परंतु उत्तम वृत्तपत्राला आवश्यक असलेली मुख्य गोष्ट, म्हणजे आपला वाचक कोण आहे आणि आज त्याच्या हाती काय पडले पाहिजे याची अहोरात्र चिंता, ती त्यात पुरेपूर होती.

छापील वृत्तपत्राचे आकर्षण अद्याप का टिकून आहे, याचे उत्तर मला या चिंतेतच दिसते. कागदाची पृष्ठे मोजकी असतात. म्हणून शेकडो खबरींतून कोणती घ्यावी, कोणती पहिल्या पानावर मांडावी, कोणती निष्ठुरपणे गाळावी, याचा निवाडा कोणाला तरी मुदतीच्या आत करावाच लागतो, आणि एकदा अंक छापून निघाला की त्यातील चूक गुपचूप पुसून टाकता येत नाही. खिळ्यांच्या काळी तर हे श्रम डोळ्यांना दिसत. केसमधून एकेक खिळा उचलायचा, काना, मात्रा आणि जोडाक्षरे सांभाळत उलट्या अक्षरांची ओळ जुळवायची, मुद्रित तपासून पुन्हा दुरुस्त करायचे, तेव्हा कुठे स्तंभभर मजकूर सिद्ध होई. खिळे गेले, यंत्रे बदलली. तथापि निवडीची आणि जबाबदारीची ती शिस्त ज्या पत्रात शाबूत आहे, त्याचा अंक हाती घेताच वाचकाला ओळखू येते की आपल्यासाठी कोणीतरी जागले आहे.

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले, तेव्हा मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापण्याचा खटाटोप त्यांनी केला, तोही एतद्देशीय रयत आणि राज्यकर्ते या दोन्ही वाचकांचा विचार करूनच. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केले, ते ज्यांचे गाऱ्हाणे इतर पत्रांच्या स्तंभांत उमटत नव्हते त्यांच्यासाठी. साने गुरुजींचा प्रवासही छात्रालयापाशी थांबला नाही. १९३८ साली त्यांनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढून खान्देशातील शेतकरी-कामगारांची दुःखे वेशीवर टांगली, आणि १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक आरंभिले, जे त्यांच्या पश्चात आजही निघत आहे. वाचक छात्रालयातील मुलांपासून अवघ्या महाराष्ट्रापर्यंत वाढला, पण त्याच्याविषयीचा जिव्हाळा तोच राहिला.

म्हणून तालुक्याच्या गावी पत्र चालवणाऱ्यांना एवढेच विनवावेसे वाटते की, शुभेच्छांच्या जाहिरातींनी पाने भरण्याआधी कापसाचा भाव, नळाला न येणारे पाणी, कचेरीत खितपत पडलेला एखाद्या विधवेचा अर्ज आणि गावातील एखाद्या होतकरू मुलाची कविता यांना सन्मानाची जागा द्यावी. आपल्या गावाचे जगणे आस्थेने निवडून, शुद्ध भाषेत आणि स्वच्छ छापून देणाऱ्या पत्राला वाचकांचा तोटा पडेल, असे मला मुळीच वाटत नाही.